कॉइलला करंट नाही

बिघाड शोधताना अंदाज बांधायचा नाही, बॅटरीपासून सुरुवात करायची आणि वायर धरून पुढं जायचं, हे सुखदेवरावांचं तत्त्व. तपकीर गल्लीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून ते त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं, की बिचारी घ्यायला आलेला कंडेन्सर विसरून घरी जायची. निवृत्त झाल्यावर ऐकवायला उरली एकटी बायको. तिनं तर सगळा संसारच या तत्त्वासकट केला होता.

त्या मंगळवारी सकाळी गुलटेकडीतल्या त्यांच्या इमारतीखाली गाडीनं पुन्हा हात वर केले. जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, लग्नानंतर लगेच घेतलेली. किक मारून मारून सुखदेवरावांचा गुडघा बोलायला लागला, गाडी मात्र गप्प. हॉर्न वाजत होता, दिवा लागत होता, पण प्लगला ठिणगी नव्हती. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सत्यशीलाबाई हॉस्पिटलची फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, बोलताना धाप. दोन्ही किडन्या कामातून गेल्याला वर्ष उलटलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बॅचला डायलिसिस. वेळेत पोचलं नाही की मशीन दुसऱ्या पेशंटला मिळायचं, आणि यांनी पुढच्या वारापर्यंत तसंच घरी बसायचं. अलीकडे असं दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा गाडीपायी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता एकही चुकवू नका. छातीत पाणी झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"दहा मिनिटांत काढतो बघ," सुखदेवराव म्हणाले.

"काढा," बाई म्हणाल्या.

आता कुणीही म्हणेल, अहो, मार्केट यार्डाच्या गेटावर रिक्षांची रांग असते, एक बोलवा की! त्यांची मुलगी निकिता बंगळुरूहून फोनवर हेच सांगून थकली होती. पण सुखदेवरावांचं म्हणणं, रिक्षावाला खड्ड्यात घालतो, हिला मळमळतं, माझ्या मागे बसली की कशी अलगद जाते. यात तथ्य होतं, नाही असं नाही. खरी गोष्ट मात्र वेगळी होती. गाडी बंद पडलेली टाकून रिक्षात बसायचं म्हणजे बिघाडापुढं शेपूट घालायचं, आणि ते या माणसाला मेलं तरी जमलं नसतं. बायको आजारी आहे हे त्यांना कळत होतं. पण त्या आजाराला कुठंच हात घालता येत नव्हता, आणि गाडीला येत होता. म्हणून गाडी अडली की ते जरा खूशच व्हायचे, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी सीट उचलली, टेस्ट लँपचा चिमटा चासीला लावला आणि टोक एकेका ठिकाणी टेकवत निघाले. बॅटरी ठीक. पहिल्या खेपेला फ्यूज क्लिपमधून निसटला होता, तो आज जागेवर होता. दुसऱ्या खेपेला अर्थचा नट ढिला झाला होता, तोही आज आवळलेला होता. किल्लीच्या स्विचपर्यंत लँप लागला. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलवर टोक टेकवलं, लँप विझलेला.

"कॉइलला करंटच नाही," ते आनंदानं म्हणाले. "म्हणजे मधेच कुठंतरी तुटलंय. सापडलीच म्हणून समज."

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"आहे वेळ."

वेळ नव्हता. वॉचमननं गेटवरून घड्याळाकडं बोट दाखवलं, तेही त्यांनी पाहिलं नाही. टाकी सैल करून त्यांनी खालचा सॉकेट ओढून काढला. चार वायरींचा तो जोड बाहेरून अगदी धडधाकट दिसत होता. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आत पाहिलं. तीन पिना पुढं होत्या, चौथी मागं सरकलेली. जोड लागलेला दिसायचा आणि आतून पिन पिनेला शिवायचीच नाही. चोर सापडला! शाबासकीसाठी ते मान वळवणार, तेवढ्यात त्यांचा अंगठा पिनेवरून फिरला आणि तिथंच थांबला.

अशा पिनेला मागं एक बारीक जीभ असते. ती आतल्या खाचेत अडकते, म्हणून कितीही हादरे बसले तरी पिन मागं येत नाही. आणायचीच असेल तर पुढून काहीतरी बारीक घालून ती जीभ दाबावी लागते. या पिनेची जीभ दाबून सपाट केलेली होती. बाजूच्या प्लॅस्टिकवर ताजा ओरखडा होता. जीभ दाबायला सुखदेवरावांना दुकानातलं कुठलंच हत्यार कधी पसंत पडलं नाही. ते हात मागं करायचे, आणि टॉर्च धरून उभी असलेली बायको केसातला आकडा काढून त्यांच्या हातावर ठेवायची. भोरच्या रस्त्यावर, सासवडला, इथं खाली, किती वेळा ठेवला असेल. ही विद्या जगात त्या दोघांनाच येत होती.

सुखदेवराव सॉकेट हातात धरूनच वळले.

"हे तू केलंस?"

"हो."

"फ्यूज? नट?"

"तेही."

"मरायचंय का तुला?" ते ओरडले. वॉचमन बघायला लागला.

बाईंनी आवाज चढवला नाही. तेवढा श्वासच नव्हता. "त्या मशीनवरून आले की तो दिवस जातो नुसतं पडून. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येते, तोवर तुम्ही परत किल्ली घेऊन उभे. दमले हो मी. निकिताला सांगितलं तर ती रडत बसली. तुम्हाला सांगितलं, मला नाही सोसत आता, तर तुम्ही म्हणालात, सीटला नवीन फोम टाकतो."

सुखदेवरावांना तो दिवस आठवला. फोम टाकलाही होता. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी सवयीचे हात थांबले नव्हते. जीभ उचलून त्यांनी पिन आत ढकलली आणि ती टक् करून बसली.

"पहिल्यांदा फ्यूज काढला ना," बाई पुढं म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, आता हे रिक्षा आणतील. आणली असतीत तर मुकाट्यानं बसले असते, परत गाडीला हात लावला नसता. तुम्ही पाने काढलेत. मी इथं याच खुर्चीत बसून होते, तुम्ही वर मान करून पाहिलंसुद्धा नाहीत. मग म्हटलं, यांच्याच हातून मशीन चुकतंय, तर चुकू दे."

सुखदेवराव तडक गेटाबाहेर गेले आणि पळतच रिक्षा घेऊन आले. बाई उठेनात. त्यांनी दंडाला धरून ओढलं, तर त्या कळवळल्या. सुया टोचून टोचून निबर झालेला तोच हात होता. त्यांनी सोडला.

"काका, यायचंय का मी जाऊ?" रिक्षावाला म्हणाला.

"जा," सुखदेवराव म्हणाले. रिक्षा गेली. ते खुर्चीशेजारी उकिडवे बसले. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचा जास्त. एवढ्या वर्षभरात जे कधी विचारलं नव्हतं, ते त्यांनी आता विचारलं.

"जायचं का आज?"

"नको."

"शुक्रवारी?"

बाईंनी मान हलवली. "शुक्रवारीही नको."

त्यांनी ग्रीसचे हात विजारीला पुसून सेंटरला फोन लावला. अक्षता सिस्टरनं उचलला.

"परत गाडी का, काका? अहो, किती वेळा सांगितलं तुम्हाला, रिक्षानं या म्हणून! मशीन थोडा वेळ थांबवते, निघा लगेच."

"गाडीला काही झालेलं नाही, सिस्टर," सुखदेवराव म्हणाले. "मशीन दुसऱ्या कुणाला द्या. शुक्रवारचंही द्या."

सिस्टर म्हणाली, थांबा, डॉक्टरांना देते. फोन कानाला धरून सुखदेवराव बसून राहिले. डॉक्टर लाइनवर आले, हॅलो म्हणाले, परत हॅलो म्हणाले.

"द्या इकडं," सत्यशीलाबाईंनी हात पुढं केला. "माझं मी सांगते."