राहून गेलेले आभार

लॉर्ड मॉथरसोल यांच्या आतल्या खिशात त्या दिवशी दोन कागद होते. एक होता हाउस ऑफ लॉर्ड्समधून निवृत्त होत असल्याचा अर्ज. त्यावर त्यांची सही झाली होती, साक्षीदाराची जागा मात्र कोरी होती. दुसरं होतं शेवटचं भाषण, आणि त्यानं त्यांची झोप उडवली होती.

अठरा वर्षांपूर्वी नॉरफकमधल्या या ग्रंथपालाला सभागृहात नेमलं गेलं, तेव्हा कुठल्याच पक्षात नसलेला, खालच्या आवाजात बोलणारा हा माणूस तिथं काय करणार, हा प्रश्न सर्वांत जास्त त्यांनाच पडला होता. नवा सदस्य पहिल्या भाषणाच्या सुरुवातीला द्वारपालांचे आभार मानतो. ते कुणी शिकवत नाही, आणि कुणी विसरतही नाही. मॉथरसोल उभे राहिले आणि पाहतात तो पहिलं, आभारांचं पानच नाही! घाबरून त्यांनी दुसऱ्या पानापासून, म्हणजे फिरत्या वाचनालयांपासून, सुरुवात केली. सगळ्यांनी सभ्यपणे 'वा, वा' म्हटलं. राहिलेल्या आभारांबद्दल कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्याच सकाळी ते वाट चुकून हिरव्या गालिच्यावर, म्हणजे थेट खालच्या सभागृहाच्या हद्दीत, गेले होते. ग्लेनिस प्रॉथेरो नावाच्या द्वारपालबाईंनी त्यांना हळूच लाल गालिच्यावर परत आणलं होतं. पुढं अठरा वर्षं त्या त्यांना परत आणतच राहिल्या. पण राहून गेलेले आभार मधेच कधीतरी कसे मानायचे, हे काही मॉथरसोलना उमजलं नाही.

जेवणाच्या लांब टेबलावर बॅरोनेस फिलिडा शेजारी येऊन बसल्या. त्या पूर्वीच्या मुख्याध्यापिका.

"लेनर्ड, तू मासा खात नाहीयेस, नुसता विंचरतोयस."

"भाषण आहे."

"चार मिनिटांचं! आणि आपल्याला कुठं मतं मागायचीत? एकानंही निवडून दिलेलं नाही आपल्याला."

"म्हणूनच तर," मॉथरसोल म्हणाले. "निवडून आलेला माणूस मतदारांचे आभार मानतो. मी कुणाचे मानू?"

"माझे मान. अठरा वर्षं तुझं पुटपुटणं ऐकतेय."

ते हसले, पण लगेच उठले. ग्लेनिसबाई आज कुठल्या दारावर आहेत ते त्यांना पाहायचं होतं.

त्या खाली प्रवेशद्वारापाशी, कोटांच्या खुंट्यांजवळ उभ्या होत्या. काळा अंगरखा, पांढरा टाय, आणि एकेकाळी हवाई दलात सार्जंट असलेल्या बाईचा ताठ कणा.

"ग्लेनिसबाई, तुम्ही आज वर नाही?"

"आज इथंच, मायलॉर्ड. का? पुन्हा हरवलात?"

"नाही, नाही. मी आज बोलणार आहे. शेवटचं. तुम्ही जरा वर आलात तर..."

"दार सोडून? मग इथं काय तुमचा कोट पहारा देईल?" त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. त्यावर बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसे, आवाज मात्र येत नसे. "तुमचं नाव बघीन की. पण तुम्ही अजून इथं काय करताय? दोन मिनिटांत चर्चा सुरू होईल. चर्चेतल्या पहिल्या वक्त्याच्या वेळी जागेवर नसलात तर यादीतून नाव कटतं, ठाऊक आहे ना? डावीकडचा छोटा जिना घ्या. डावीकडचा, मायलॉर्ड! तो उजवा!"

ते धापा टाकत बाकावर बसले आणि चर्चा सुरू झाली.

चर्चा सार्वजनिक वाचनालयांवर होती. सातवं नाव त्यांचं. उभे राहून त्यांनी आधी पानं मोजली. तीनही होती. मग ती त्यांनी खाली ठेवली.

"एखादं पुस्तक अठरा वर्षं उशिरा परत करणाऱ्या वाचकाला काय बोलावं, हे मला ग्रंथपाल असूनही कधी कळलं नाही," ते म्हणाले. "आज तो वाचक मीच आहे."

त्यांनी ग्लेनिसबाईंचं नाव घेतलं. हिरवा गालिचा सांगितला. पत्नी गेली त्या आठवड्यात कुणीतरी न विचारता त्यांच्या कोटाचं लोंबतं बटण शिवून ठेवलं होतं, तेही सांगितलं. चार मिनिटं संपली, घड्याळ लुकलुकू लागलं. सरकारी प्रतोद उठायला लागले, तशी फिलिडाबाईंनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ते पुन्हा बसले. वाचनालयांच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट आलं.

मॉथरसोल खाली आले तेव्हा ग्लेनिसबाई पडद्याखालीच उभ्या होत्या.

"सहा मिनिटं, मायलॉर्ड! तुम्ही? एवढं बोललात तरी काय?"

त्यांचे कान लाल झाले. "उद्या छापून येईल. वाचा." मग त्यांनी घाईनं अर्ज पुढं केला. "इथं साक्षीदार हवाय. तुम्ही सही कराल?"

ग्लेनिसबाईंनी अर्ज शांतपणे वाचला, खाली ठळक सही केली, आणि म्हणाल्या, "थांबा इथंच. कुठं जाऊ नका, नाहीतर पुन्हा शोधत फिरावं लागेल."

आपल्या कपाटातून त्या घडी पडलेला एक कागद घेऊन आल्या. मॉथरसोलनी अक्षर लगेच ओळखलं. ते त्यांचंच होतं.

"तुमच्या खुंटीखाली पडला होता. द्यायला धावत वर आले, तोवर तुमचं भाषण सुरू झालेलं. मग मी तो वाचला. आणि मग... परत द्यावासा वाटेना. चोरीच झाली म्हणा."

"म्हणजे तुम्हाला अठरा वर्षं..."

"तेव्हापासून ठाऊक आहे. तुम्हाला कशाला सांगायचं? लाजून दुसऱ्या दारानं यायला लागला असता, आणि त्या दारानं तर तुम्ही थेट टेम्समध्येच गेला असता."

मॉथरसोलनी चष्मा पुसला आणि कागद उलगडला. 'हिरव्या गालिच्यावरून मला परत आणणाऱ्या बाईंमुळे मला इथं प्रथमच घरच्यासारखं वाटलं,' असं त्यात लिहिलं होतं. आज साडेपाच मिनिटांत त्यांनी याहून वेगळं काहीच सांगितलं नव्हतं.

"हेच बरं लिहिलं होतं," ते म्हणाले.

"ते मी उद्या वाचून ठरवीन," ग्लेनिसबाई म्हणाल्या. त्यांनी कागद हळूच परत घेतला आणि मॉथरसोलांच्या अंगावर कोट चढवला. "आणि हा कागद मात्र मिळायचा नाही, मायलॉर्ड."