डावीकडे झिजलेली निब

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, पण टोमणे कुठले जाताहेत! ते वहीत उमटायला लागले. ‘हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?’ ‘पंखा कमी कर, मी काय वाळत घातलेला टॉवेल आहे?’ सगळं त्यांच्या जुन्या परदेशी फाउंटन पेनाने. बोटांत जोर उरला नव्हता. बॉलपेन दाबावं लागतं, मोबाइलवर एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. हे पेन मात्र नुसतं टेकवलं की चालायचं. बाबा डावखुरे, आणि पन्नास वर्षांत निब त्यांच्या हाताप्रमाणे डावीकडे झिजली होती.

ते पेन मी आपटलं. त्या दुपारी त्यांनी लिहिलं, ‘तुझ्या आईला सगळं जमायचं. तुला नाही जमत.’ आई जाऊन चार वर्षं झाली, तरी माझी मापं तिच्यावरूनच! पेन धुते म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर दाणकन आपटलं. निब दुमडली. बाहेर येऊन म्हटलं, “बाबा, हातातून निसटलं हो.”

दुरुस्तीवाल्याने हात टेकले. पेनाची कंपनी केव्हाच बंद पडलेली. मग तसंच जुनं पेन मिळवायला मी परदेशातल्या विक्रेत्यांच्या मागे लागले. एकाने फोटो एका पेनाचा लावला आणि पाठवलं भलतंच. एक ‘उद्या कळवतो’ म्हणून गेला तो गेलाच. एक तर वारलेला निघाला, उत्तर त्याच्या मुलीने दिलं. दीड महिना बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं तरी डोळे मिटून घ्यायचे. माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी तिकडच्याच एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे तसं पेन सापडलं. आधीचा मालक डावखुरा होता म्हणे. मला रडूच आलं. पण मी पडले अतिशहाणी! गरज कळली की भाव चढतो, म्हणून बाबांचं काहीच सांगितलं नाही. नुसतं तीन-तीनदा विचारलं, ‘निब डावीकडे झिजली आहे ना? नक्की?’

पेन आलं. सोबत चिठ्ठी होती: ‘निबेच्या झिजेची तुम्हाला फार काळजी दिसली. घासून अगदी सरळ करून दिली आहे. त्याचे पैसे नकोत.’

एवढ्या भल्या माणसाला शिव्या तरी काय देणार?

तरीही शाई भरून पेन बाबांच्या हातात दिलं. करकर झाली, कागद फाटला. दुसरा दिला, तोही फाटला. मग मात्र मला राहवेना.

“बाबा, निसटलं नव्हतं हो ते! मी आपटलं. रागाने, मुद्दाम आपटलं. मला काय हवं ते बोला, पण लिहा काहीतरी!”

बाबा थांबले. मग एकेक अक्षर खरवडत, मधेमधे हात टेकून दम खात त्यांनी लिहिलं, ‘आवाज ऐकला होता.’

घसा गेला होता त्यांचा, कान शाबूत होते. दीड महिना मी रोज उशाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते, निसटलं म्हणून. ते सगळं ऐकत पडून होते.

मी घाईघाईने कोरा कागद पुढे सरकवला. “पुढे लिहा ना, बाबा. शिव्या द्या, काहीही द्या.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या हातात परत दिलं.