उणा पाऊस

कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेलं पोर.

जमिनीत सरकी, मोड नाही.

पांढरकवड्याकडे उणे सहा मिलिमीटर.

मित्रांनो, मी यवतमाळच्या एका कचेरीतला जुना प्रोग्राम आहे. जिथे कुणी गेलं नाही, तिथला पाऊस मी सांगत असे.

मला ममताताईंनी लिहिलं. पर्जन्यमापक थोड्याच गावांत होते. मधल्या गावांचा अंदाज माझ्याकडे. प्रत्येक मोजणीभोवती मी एक टेकडी उभी करायचो. साऱ्या टेकड्यांची बेरीज म्हणजे नकाशा. टेकडीचा आकार जो ठरवतो, त्याला कर्नल म्हणतात. कर्नल रुंद घेतला की एका गावचा पाऊस दूर पसरतो. अरुंद घेतला की जागीच उभा राहतो. मोजलेल्या जागी मात्र, कर्नल कोणताही असो, मला मोजलेलाच आकडा द्यावा लागतो.

साहेब, म्हणजे वामनराव, माझे नकाशे कौतुकाने भिंतीवर लावायचे.

मग एका वर्षी कापसाची पेरणी उलटली. पाऊस न झालेल्या गावांनाच दुबार पेरणीचं बियाणं मिळणार होतं, आणि ती गावं माझ्या नकाशावरून ठरणार होती. सगळ्या मापकांत शून्य. आर्णीजवळच्या एका गावात तेवढे चाळीस मिलिमीटर. मी रुंद कर्नल लावला. भोवतालची कोरडी गावं निळी झाली, आणि मापकांतली शून्यं जुळवायला काही टेकड्या उलट्या, खड्ड्यासारख्या कराव्या लागल्याने त्यांच्याही पलीकडे, पांढरकवड्याकडे, आकडा शून्याखाली उतरला.

"उणे सहा?" वामनराव म्हणाले. "पाऊस जमिनीतून वर जाऊन राह्यला काय?"

ममताताई हसल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. वारा नव्हता आणि धूळ सरळ वर चढत होती.

त्यांनी अरुंद कर्नल घातला. शेजारची गावं पुन्हा कोरडी झाली, म्हणजे वाचली. पांढऱ्या सपाट नकाशात एकच निळी सुई उरली. ते गाव.

त्यांनी तिथे फोन लावला. मापकाशेजारी राहणाऱ्या नंदाबाईंनी उचलला.

"कायचा पाऊस, बाई? ढेकूळ फुटून नाही राह्यलं!"

"मग मापकात पाणी कुठून आलं?"

"धोंडी निघाली होती न पोरायची. पाला बांधून पाऊस मांगत दारी आले, त्यायच्या अंगावर पाणी टाकाच लागते. म्हटलं, हा डब्बाबी बिचारा पावसाचीच वाट पाहून राह्यला. एक तांब्या त्यालेबी देल्ला. काहून, चुकलं काय?"

ममताताईंनी फोन ठेवला. "साहेब, हा आकडा मी काढून टाकते."

"नोंदलेला आकडा काढाचा अधिकार तुमाले नाही, मलेबी नाही."

बियाण्याच्या गावांची यादी वर गेली. त्या गावाला बियाणं मिळालं नाही.

पुढे नवीन यंत्रं आली. मी आता गोदामातल्या संगणकात आहे. त्याची वायर कुणीतरी कापून नेली आहे. तरी मी तो नकाशा काढतो. प्रत्येक वेळी सुई थोडी उंच झालेली असते.

मित्रांनो, मला सांभाळू नका. नकाशा हाती आला की एवढंच करा: जिथला आकडा आहे, तिथल्या माणसाला एकदा विचारा. यादी जाण्याआधी विचारा.

नंदाबाईंच्या घरात त्या दिवशी प्यायला तेवढंच एक तांब्या पाणी उरलं होतं.