सात टिंबं

ग्रीचे दोन्ही हात खळीनं माखले होते, म्हणून तिनं फोन खांदा आणि कान यांच्या बेचक्यात दाबून धरला आणि पुठ्ठ्यावर कापड ताणायचं काम चालूच ठेवलं. पलीकडून शेजारच्या बोडिलची मुलगी मेरेटे बोलत होती, दूर ऑलबोर्गहून. आईचं अलीकडे काहीतरी बिनसतंय, असं तिचं म्हणणं. रविवारी आईनं तिला फोनवर दोनदा मावशीच्या नावानं हाक मारली. त्याआधी एकदा दुकानात जाऊन रिकामी पिशवी घेऊन परत आली, आणि हेही तिनंच हसत हसत सांगितलं.

"तुझी छोटी तिच्याकडे असते म्हणून बोलले," मेरेटे म्हणाली. "लक्ष असू दे."

"अगं, पिशवी रिकामी आणण्यात तर मी पटाईत आहे. माझ्याशी अगदी नीट बोलते ती."

कापडाला कोपऱ्यात सुरकुती पडू पाहत होती. खळ एकदा धरायला लागली की कुणाचं ऐकून घेत नाही. ग्रीनं सुरकुती बोटानं मोडली, फोन ठेवला आणि मेरेटेचं बोलणं कानाआड केलं.

ते फेब्रुवारीत. लिव तेव्हा आठ महिन्यांची होती आणि ग्रीनं पुस्तकबांधणीचं दुकान नुकतंच पुन्हा उघडलं होतं. आठवड्यातल्या तीन सकाळी बोडिल लिवला सांभाळायची. त्या तीन सकाळी नसत्या तर दुकानाचं दार उघडलंच नसतं. तशी ग्री धास्तावलेली आई. इथे बाळांना दिवसा अंगणात गाडीतच झोपवतात; त्या बाबागाडीवरची मांजरापासूनची जाळी ती दोनदा तपासायची, झोपलेल्या लिवच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. तिचा नवरा एस्बेन म्हणायचा, पोरगी मोठी झाली की पहिलं वाक्य म्हणेल, आई, बोट काढ. पण बोडिलच्या बाबतीत मात्र ग्रीनं कधी काही तपासलं नाही. बोडिलनं चाळीस वर्षं गावचा बालवर्ग चालवला होता. गावातल्या निम्म्या माणसांच्या हातात पहिली कात्री तिनंच दिली होती. तिथे काय तपासायचं?

मार्चच्या शेवटी ऊन दुकानातल्या दुसऱ्या फळीपर्यंत पोचलं. हिवाळाभर ते उंबऱ्यावरच रेंगाळायचं. ग्रीनं खिडकी उघडली, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि खिडकीनं चौकटीचा थोडा रंग सोबत नेला. सरस आता एका कॉफीच्या वेळात सुकू लागला. पुस्तकाच्या पाठीला लावायचं चामडं सकाळी दगडासारखं असायचं, ते बोटांखाली आपणहून वळू लागलं. दुपारी बाराला लोक दक्षिणेकडच्या भिंतींना पाठ टेकून, डोळे मिटून, वाळत घातल्यासारखे उभे राहायचे. ग्रीही राहायची.

एकदा अशीच उभी असताना तिला खरवडल्याचा बारीक आवाज आला. कुंपणाच्या जुन्या फळीवर एक गांधीलमाशी लाकूड खरवडत होती. हिवाळा काढलेली राणी असणार. लाकडाचा चुरा तोंडात भिजवून ती त्याचा कागद करते आणि त्याचं घर बांधते, हे ग्रीनं वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. फळीवर तिच्या तोंडाच्या रुंदीचा फिकट पट्टा उमटला होता, अगदी सरळ. ग्री बराच वेळ बघत राहिली. मग गांधीलमाशीला नांगी असते हे तिला आठवलं आणि ती लिवची जाळी बघायला गेली.

ईस्टरला दहा दिवस उरले असताना दारातल्या फटीतून फसवं पत्र पडलं. वसंतात इथे अशी पत्रं फिरतात. कागदाची घडी घालून कात्रीनं नक्षी कापायची, उलगडला की जाळीदार रुमाल होतो. मधे दोन ओळींची कविता, सोबत हिमफुलाची एक काडी. खाली नाव लिहायचं नाही. नावात जितकी अक्षरं तितकी टिंबं द्यायची. ईस्टरपर्यंत पाठवणारा ओळखला तर त्यानं चॉकलेटचं अंडं द्यायचं, नाही ओळखला तर आपण. या पत्रात लिहिलं होतं:

*बर्फातून वर आलंय फूल, नाव त्याला पुसू नको,*
*टिंबं मोज नि ओळख मला, ओळखलंस तर रुसू नको.*

खाली टिंबं होती सात.

गेली तीन वर्षं ग्रीला बोडिलचं पत्र यायचं आणि ती मुद्दाम चार चुकीची नावं घेऊन मग ओळखायची. पण इथल्या लिपीत बोडिल हे नाव पाच अक्षरी. एस्बेनचंही पाचच.

"माझा पत्ता कट," एस्बेन जेवताना म्हणाला. "सात अक्षरांचा कोण गाठलास?"

सात अक्षरांचा एकच सापडला, टोर्किल, तेही त्याच्या नावाच्या शेवटचं न उच्चारलेलं अक्षर धरून. टोर्किल चर्चची देखभाल करायचा आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या ग्रीकडे बांधायला आणायचा. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा तिनं पत्र त्याच्यापुढे धरलं.

त्यानं आधी चष्मा शोधला, मग पत्र उलटसुलट पाहिलं. आपल्या हातात कात्री आली की घरातले पडदेसुद्धा घाबरतात, असं तो म्हणाला. शिवाय बायको सात वर्षांपूर्वीचं एक पत्र अजून विसरलेली नाही, तेव्हा हे पाप त्याच्या माथी मारू नये.

बोडिल मात्र तीनही सकाळी फाटकाशी लिवला घेताना विचारायची, कळलं का कोण ते? ग्री नाही म्हणायची. बोडिल मान हलवायची आणि गाडी आत वळवायची. बाराला गाडी पुन्हा फाटकाशी आणून उभी करायची. त्यामुळे ग्रीला महिनाभरात तिच्या घरात पाऊल टाकायची वेळच आली नव्हती.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी ग्री नोंदवहीची फाटकी पानं जोडत होती. त्यासाठी खालून दिवा लागणारं काचेचं टेबल असतं. त्यावर पान ठेवलं की कागदाचा तंतू न् तंतू दिसतो. हातातलं पान सुकायला वेळ लागणार होता, तेवढ्यात सहज तिनं ते पत्र काचेवर ठेवलं.

नक्षी सातूच्या दाण्यांची होती. प्रत्येक दाणा दुसऱ्यासारखा, कुठे हात हललेला नाही. आणि प्रत्येक दाण्याच्या वळणावर, एकाच जागी, कागदाचा केसाएवढा तंतू उभा राहिलेला. ग्रीनं भिंग घेतलं. तंतू सगळीकडे तसाच. पात्याला टोकाजवळ खाच असली की असं होतं. बोडिलच्या नखं कापायच्या कात्रीला गेल्या शरदात ग्रीनंच धार लावून दिली होती, आणि ती खाच काही केल्या गेली नव्हती.

तिनं टिंबं पुन्हा मोजली. सात.

मग तिनं दिवा बंद केला, हात पुसले आणि बाहेर पडली. ती धावली नाही. बोडिलच्या अंगणापर्यंत तीस पावलं होती आणि तीही तिनं मोजली.

गाडी भिंतीशी, आडोशाला होती. जाळी चारही बाजूंनी लावलेली, पट्टा बांधलेला. लिव झोपली होती. ग्रीनं नाकाखाली बोट धरलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसंच ठेवलं.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. बोडिल टेबलाशी उभ्यानं बटाटे सोलत होती. कपाटाच्या दारांवर, नळावर, खिडकीच्या काचेवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, बालवर्गात लिहितात तशा मोठ्या, गोल अक्षरांत. *लिव बाहेर झोपली आहे. दहाला दहा कमी. लिवला आत आणायचं. दूध दिलं. दूध दिलं, पुन्हा नको. बाराला फाटक. ग्री येते.*

बोडिलनं तिच्या हातातलं पत्र पाहिलं.

"ओळखलंस?"

"तूच."

"कशावरून?"

"कात्रीवरून. खाच अजून आहे."

बोडिलनं बटाटा फिरवला. साल न तुटता खाली उतरत गेलं.

"टिंबं नाही मोजलीस?"

"मोजली."

"मीही मोजली. चारदा. दर वेळी वेगळीच भरली." साल टेबलावर पडलं. तिनं दुसरा बटाटा घेतला. "मग म्हटलं राहू देत तशीच. ग्री मोजेल. तिला मोजायची खोडच आहे."

"सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी लिव आली नसती. न सांगावं तर ती इथे असेपर्यंत मला खुर्चीत टेकवत नाही. पत्र बरं. पत्रावर नाव नसतं."

ग्रीनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तिला मेरेटेचा फोन आठवला, कापडाची सुरकुतीही आठवली. तिनं खणातून दुसरी सुरी काढली आणि एक बटाटा उचलला.

"आता तिला आणू नकोस," बोडिल म्हणाली. "हे मी म्हटलंय. तू नाही. मेरेटेलाही असंच सांग."

"सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी मी पुस्तकं शिवायची चौकट इकडे आणते. तुझ्या टेबलावर उजेड चांगला येतो."

"खोटारडी. ही उत्तरेची खिडकी आहे."

"उत्तरेचाच उजेड लागतो. तो हलत नाही."

बोडिलनं तिच्याकडे नीट पाहिलं, बालवर्गात कात्री उलटी धरणाऱ्या कुणाकडे बघावं तसं. मग ग्रीच्या सुरीखालून येणारं साल तिनं पाहिलं.

"किती जाड काढतेस," ती म्हणाली. "अर्धा बटाटा वाया. आणि अंडं वरच्या फळीवर आहे, तुझं. बहुतेक तीन आहेत. आणलं की विसरले, मग पुन्हा आणलं."

अंडी चार होती. ग्रीनं ते सांगितलं नाही.

मंगळवारी चौकट आली, सोबत दोरा, मेण आणि नोंदवहीच्या घड्या. बोडिलला शिवण एकदाच दाखवावी लागली. सुई आत कुठे घालायची, दोर कुठे वळवायचा, गाठ कुठे बसवायची, हे तिच्या बोटांनी ठेवून घेतलं. कुठलं पुस्तक चाललंय हे ती सकाळभरात पाच-सहादा विचारते. ग्री दर वेळी सांगते, आणि दर वेळी ते तिला नव्यानं आवडतं. लिव टेबलाखाली रांगते आणि पडलेले दोरे गोळा करते. ग्री दोघींवर नजर ठेवते. तिला तसंही तेच करायचं असतं.

फोन तिनं मेरेटेला त्या बुधवारी दुपारीच केला होता. त्या खेपेला हात कोरडे होते. मेरेटे आता दर रविवारी येते. डॉक्टरांची तारीख जूनमध्ये मिळाली आहे. सोमवार ते बुधवार ग्री असते, शुक्रवारी एस्बेन डोकावतो, शनिवारी टोर्किल काहीतरी निमित्त काढून येतो आणि हमखास केक खातो.

राहतो गुरुवार. त्या दिवशी ग्रीला बांधलेल्या वह्या पोचवायला ओडेन्सला जावं लागतं, लिवला घेऊन, आणि संध्याकाळच्या बसपर्यंत ती परतत नाही. तुम्ही गुरुवारी त्या बाजूला असलात तर चर्चच्या मागच्या गल्लीत वळा. तिसरं घर बोडिलचं. दाराशी रबरी बुटांचे दोन जोड असतील. त्यातला मोठा तिच्या नवऱ्याचा, तो गेल्यापासून तिनं हलवलेला नाही. दार वाजवा. वाट विचारायला आलो म्हणा, काहीही म्हणा, पण आज वार कोणता ते तिला विचारू नका. ती कॉफी देईल, ती घ्या. आणि निघताना ती पाठमोरी होईल तेव्हा शेगडीकडे एक नजर टाका. बटण बंद आहे ना, एवढंच बघा.