मुलीकडचा मासा

वरच्या आळीत डुक्कर कापायचं ठरलं, आणि खालच्या आळीत ओप्पु तिओमाचा जळफळाट सुरू झाला.

कारण होती परदेशी पाद्रीबाई. इर्मगार्ड तिचं नाव. नवरा फ्रीडहेल्म होडीत बसून सरोवराकाठची गावं पालथी घालायचा, उपदेश करायचा, मोडकी पेटी दुरुस्त करायचा. बाई ओसरीवर पोरांचे फुटलेले कान धुवायची, गळवं बांधायची, बाळंतिणींवर डोळे वटारून उकळलेलं पाणी पाजायची. पण आली तेव्हा तिला साधी चूल पेटवता येत नव्हती. ओप्पु तिओमानं तिला हाताला धरून पाट्यावर बसवलं, जिभेला मुंग्या आणणारं, मिरीसारखं अंदालिमान वाटायला लावलं आणि वाटता वाटता बोली शिकवली. रोज सकाळी बाई यायची, वरवंटा ओढायची आणि तिला 'इनांग' म्हणायची. ओप्पु म्हणजे आजी, ती सगळ्या गावाची; इनांग म्हणजे आई. ओप्पु तिओमाला सगळे मुलगेच. त्या हाकेची तिला चटक लागली होती.

आणि आता वरच्या आळीतल्या पत्र्याच्या घरातली ती ओप्पु लामहोत पाद्र्याला आपल्या कुळात मुलगा म्हणून घेणार होती. कूळ नसलेल्या माणसाला इथल्या बटाक लोकांच्या पंगतीत कुठं बसवायचं हेच कळत नाही, तेव्हा घेणं भागच होतं. बायकोचं कूळ वेगळं लागतं, नाहीतर नवराबायको भाऊबहीण ठरायचे. त्यासाठी ओप्पु लामहोतनं पैलतीरावरच्या आपल्या भावाला बोलावलं होतं. बाईला मुलगी मानून तिचा बाप म्हणून तो उभा राहणार.

"मुलगाही तिच्या घरचा, सूनही तिच्या माहेरची," ओप्पु तिओमा नवऱ्याला म्हणाली. "सगळं स्वतःच्या ताटात वाढून घेतलंय बयेनं."

म्हातारा जाळं विणत होता. "तुझं काय दुखतंय? पाद्री तिचा झाला म्हणून देव काय तिचाच होणार आहे?"

"देव नेऊ दे तिला. बाई माझी आहे."

कार्याच्या दिवशी वरच्या आळीत चटया पसरल्या, डुक्कर शिजलं, कार्यात कुळाच्या वतीनं बोलणारा बोलका म्हातारा खाकरून उभा राहिला. पण भावाची होडी काही येईना. वारा उलटा होता. भात निवत चालला. पाद्री मांडी घालून अवघडला होता. इर्मगार्ड गळ्याशी हात नेऊन बसली होती, डोकं दुखत असलं की बसायची तशी. हे फक्त ओप्पु तिओमाला ठाऊक.

"मुलीकडचे कुठं आहेत?" बोलक्या म्हाताऱ्यानं विचारलं.

तेवढ्यात ओप्पु तिओमा चढ चढून आली. डोक्यावर परात, परातीत खवल्यांसकट शिजवलेला अख्खा मासा. मांस आणायचं मुलाकडच्यांनी, मासा आणायचा मुलीच्या आईबापांनी, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मागून तिचा म्हातारा तांदळाची पाटी घेऊन चालत होता. त्याच्या खांद्यावर उलोस होता, आईबापांनी मुलीला पांघरायचं विणलेलं वस्त्र, कधी मुलगी झालीच तर म्हणून जपून ठेवलेला.

"तुला कुणी बोलावलं?" ओप्पु लामहोत म्हणाली.

"आईला बोलावणं लागत नाही, विहीणबाई. तुझा भाऊ पोरीला ओळखतो तरी का? तिला मासा कुठल्या बाजूनं फोडायचा हे कुणी शिकवलं, विचार तिलाच."

बोलक्या म्हाताऱ्यानं इर्मगार्डला विचारलं. ती उठली, वाकली आणि म्हणाली, "माझी इनांग हीच."

मग काय. उलोस तिच्या खांद्यांवर पडला, मासा तिच्यापुढं ठेवला गेला. आणि मान मुलीकडच्यांचा, म्हणून ओप्पु लामहोतला जाड चटई झटकून ओप्पु तिओमाला वर बसवावं लागलं, जबड्याचं मांस दोन्ही हातांनी द्यावं लागलं. ओप्पु तिओमानं ते चवीनं, सावकाश चावलं.

जेवणं उरकली तसा बोलका म्हातारा इर्मगार्डला म्हणाला, "आता ऊठ पोरी. सासूच्या मागं जा, भांडी आवर."

ओप्पु तिओमा जाड चटईवरून अर्धी उठली. मुलगी मिळवली, आणि मुलगी मिळवली म्हणजे लगेच सासरी दिली. हे एवढं रागाच्या भरात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पत्र्याच्या घरात शिरताना विहीण मागं वळून बघत होती, आणि तिचे दात दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्यावर कुणी नव्हतं. ओप्पु तिओमानं अंदालिमान काढलं, पुन्हा डब्यात भरलं. म्हाताऱ्याला उगाचच दोनदा बोलली.

ऊन वर आल्यावर इर्मगार्ड आली. दारातच उभी राहिली.

"इनांग, सासूबाईंनी पाटा मागितलाय. त्यांचा म्हणे घासून गुळगुळीत झाला."

"गुळगुळीत झाला म्हणे. जीभ कशी नाही झाली अजून?" ओप्पु तिओमा पाट्याला पाय लावून बसली. "सांग त्यांना, मुलीकडचा पाटा वर चढत नाही. ज्याला वाटण पाहिजे, त्यानं सून रोज इथं पाठवावी."

इर्मगार्ड हसली. पदर खोचतात तसा तिनं उलोस कमरेला खोचला आणि वरवंटा ओढला.

"बारीक वाट," ओप्पु तिओमा म्हणाली. "आणि सावकाश. त्यांना कसली घाई आहे."