आपाचा वाटा

कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे करायचे: एक घरचा, एक नातलगांचा, एक गोरगरिबांचा. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, तेव्हा समान वाटे कसे करावेत हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. ओट्यावर काटा मांडून, एक तुकडा इकडून तिकडे करत त्याने तिन्ही पिशव्या ग्रॅमपर्यंत जुळवल्या. आजवर हे काम बायको करायची, नुसत्या हाताच्या अंदाजाने. चार महिन्यांपूर्वी ती गेली.

गोरगरिबांचा वाटा सकाळीच पोचता झाला. घरचा फ्रीजमध्ये गेला. नातलगांची पिशवी घेऊन मात्र तो बराच वेळ दाराशी घुटमळला. नातलग म्हणजे एकटी आपा, त्याची थोरली बहीण. बायको गेल्यापासून त्याने आपाचा एकही फोन उचलला नव्हता. ती रडली असती, मग त्यालाही रडू आवरलं नसतं. आज तिने दारातूनच परत पाठवलं, तर आपलं म्हणावं असं कोणीच उरणार नव्हतं.

दोन गल्ल्या ओलांडून, तीन जिने चढून त्याने बेल दाबली. दार अर्धंच उघडलं.

"वाट चुकलास?" आपाने विचारलं.

"ईद मुबारक, आपा. तुझा वाटा आणलाय."

तिने पिशवी हातातच तोलून पाहिली. "हलकी आहे."

"शक्यच नाही! बरोबर तिसरा हिस्सा आहे. काट्यावर मोजलाय."

"काट्यावर? अरे, मटण आहे, सोनं नव्हे." तिला हसू येता येता राहिलं. "तुझी बायको दरवर्षी तुमच्या वाट्यातलं माझ्या पिशवीत घालायची. म्हणायची, आम्ही दोघं असं किती खाणार?"

इतकी वर्षं ती त्याच ओट्याशी वाटे करत आली होती, पण त्याला हे कधी दिसलं नव्हतं.

"आणि आता मी एकटा किती खाणार?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

आपाने ओढणीने नाक पुसलं. दार पूर्ण उघडलं.

"मग फ्रीजमध्ये कशाला कोंबून ठेवलंस? जा, तेही घेऊन ये. इथेच शिजवू. मी कांदे चिरायला घेते. आणि फोन उचलत जा, गाढवा."

तो घरी आला. ओट्यावर काटा तसाच पडला होता. त्याने फ्रीजमधली पिशवी काढली, चपला घातल्या आणि दार ओढता ओढता सवयीने आत हाक दिली, "येतो गं."

मग कुलूप हातात धरून तो क्षणभर तिथेच उभा राहिला.