उजव्या फुप्फुसातली भरती

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी द्वारका मोरेश्वर म्हात्रे हिच्या उजव्या फुप्फुसात कोमट मीठपाणी सोडण्यात आले.

बाहेर फाल्गुनाचे ऊन शहरभर पसरले होते. पांढरे, धुरकट, पक्षीहीन ऊन. आत, शस्त्रक्रियागृहात, ऊन नव्हते. सावली न पाडणारा, निश्चल, निर्विकार उजेड होता, आणि त्या उजेडाखाली एक बाई अर्ध्या छातीने श्वास घेत होती. डावीकडून यंत्र तिला वारा देत होते. उजवीकडून समुद्र आत येत होता.

समुद्र तिच्या ओळखीचा होता. पेणजवळच्या खाडीकाठी, मिठागरात, तिचे आयुष्य गेले. भरतीचे पाणी बांधाआड कोंडायचे, उन्हाला द्यायचे, तळाशी शुभ्र साय धरली की ओढून ढीग घालायचे, पाटी भरून डोक्यावर न्यायची. नील खाडी, धवल मीठ, करडा चिखल. या तीन रंगांत ती नांदली, या तीन रंगांतून लेक सासरी धाडली, या तीन रंगांत चाळिशी ओलांडली.

मग धाप आली. आधी पाटीसोबत आली, मग पाटीवाचून आली. कोरडा, हट्टी खोकला आला. एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजू पांढऱ्या. थुंकीत जंतू सापडला नाही, तरी "टीबी" असे सांगण्यात आले आणि गोळ्या सुरू झाल्या.

एका शब्दाने घर बदलले. अंथरूण पडवीत आले. ताट उंबरठ्यावर येऊ लागले. ठेवणारा हात दिसे, चेहरा दिसत नसे. जाऊ मंगळा अंगणातूनच हाक मारी, "बाय, जेवलीस का गो?" आणि उत्तराला थांबत नसे. नवरा मोरेश्वर आगरातून येई, पाय धुई, अंगणाच्या पलीकडच्या कडेला बसून दिवसाची हकिगत सांगे. मोठ्याने सांगे. मध्ये खाडी असावी इतक्या मोठ्याने.

संध्याकाळी आगरावर केशर चढे, मग जांभूळ, मग शिसे. पडवीतली बाई ते रंग एकटी पाही. गोळ्यांनी लघवी तांबडी होई, धाप तशीच राही. गोळ्या संपल्या, धाप उरली. फोटोतले पांढरे वाढले.

शेवटी शहर. तिथल्या डॉक्टर मृणाल देवस्थळी यांनी तिला आधी चालायला लावले, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावून आकडा पाहिला, मग विचारले, "ताप?"

"नाय."

"वजन उतरलं?"

"उतराला आदी चढाया लागतं ना, बाय."

डॉक्टर हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. फोटो इतका भयंकर, आणि बाई विनोद करते आहे. ही विसंगती त्यांनी टिपली. नव्या स्कॅनमध्ये फुप्फुसांवर फुटक्या लाद्यांची फरशी बसवावी तशी नक्षी उमटली. नळीने थोडे पाणी आत सोडून परत घेतले. ते दुधासारखे आले.

दहा लाखांत मोजक्यांना होणारा आजार. श्वासाच्या सूक्ष्म पोकळ्यांना आतून तलम अस्तर असते. ते जुने झाले की शरीरातलेच सफाईवाले उचलून नेतात. तिच्या शरीराने आपल्याच सफाईवाल्यांचे हात बांधले होते. अस्तर साचत गेले. पोकळीमागून पोकळी, थरावर थर, निःशब्द, निर्जंतुक, शुभ्र.

ते धुवावे लागते. एका वेळी एक फुप्फुस. दुसऱ्याने तोवर दोघांचा श्वास घ्यायचा.

पाणी आत, छातीवर लयीत थापा, पाणी बाहेर. पाणी आत, थापा, पाणी बाहेर. पहिली बाटली दाट दुधाची. पुढची ताकाची. त्यापुढची तांदळाच्या धुवणाची. अखेरच्या बाटलीतून पलीकडची भिंत दिसली.

दुपारी त्या बाटल्या मोरेश्वरला दाखवण्यात आल्या.

"मीठच हाय की ओ!" तो म्हणाला. "मी कवाचा सांगतंय, मीठ बसलाय छातीन."

"मीठ नाही, दादा. मिठाच्या पाण्यानं धुतलं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हा टीबी नाही. कधीच नव्हता. हे कुणाला लागत नाही. तिच्या शेजारी बसा, जेवा, झोपा."

"डेअरी टाका आता," बाटल्या उचलणारी मावशी म्हणाली.

मोरेश्वरने मान हलवली. मान हलवता हलवता तो एक पाऊल मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी, भेटीच्या वेळी, द्वारका वॉर्डात उशीला टेकून बसली होती. तिने श्वास घेतला. उजवीकडे तो खोल, खोल उतरला, विसरलेल्या विहिरीत पोहरा उतरावा तसा. डावीकडे तो अर्ध्यात अडला. मोरेश्वरने स्टूल ओढून पायथ्याच्याही पलीकडे, खिडकीशी घेतले होते. तोंडावर रुमाल होता.

"बरा वाटतं का?" त्याने तिथून ओरडून विचारले.

"मी बहिरी नाय झाली."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिसकन हसली.

"डॉक्टरीन काय बोलली, आयकलाव ना?" द्वारकेने विचारले.

"आयकला."

"मंग?"

मोरेश्वरने खाली पाहिले. फरशीकडे पाहत तो म्हणाला, आणि या वेळी हळू म्हणाला, "सवय झाली गो."

खिडकीत ऊन होते. उन्हात धूळ होती. धूळ वर जात होती, खाली येत होती, कुठेच टेकत नव्हती.

"चाय आना," द्वारका म्हणाली. "एकच आना. आर्धी तुमी पिवा, आर्धी मना द्या. येकाच गिलासान."

तो उठला. दाराशी थांबला. रुमालावर हात गेला. गाठ सुटली की घट्ट झाली, हे खाटेवरून दिसले नाही. तो जिना उतरून गेला.

सायंकाळी पाचच्या नोंदीनुसार चिमट्यावरचा आकडा त्र्याण्णव आहे. डावे फुप्फुस तीन आठवड्यांनी धुतले जाईल. पांढरे पुन्हा साचेल का, हे सांगता येत नाही. कुणाला पुन्हा धुवावे लागते, कुणाला नाही. भेटीची वेळ संपायला थोडा अवधी आहे. जिन्यावर पावले वाजतात, चढतात, वरच्या मजल्याकडे निघून जातात. मोरेश्वर अजून परतलेला नाही.

द्वारका खाटेच्या एका कडेला सरकून बसली आहे. उरलेली अर्धी गादी मोकळी आहे. पांढरी, सपाट, उन्हाने हळूहळू तापत असलेली.